पावसाळ्यात रात्री झोप का लागत नाही? खोलीतल्या दमट हवेचा हिशेब

जुलै-ऑगस्ट आला की विक्रोळीतल्या सकाळच्या पाळीत मुलं पहिल्याच तासाला बाकावर डोकं टेकतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "टीचर, रात्री गरम होत होतं." पण पावसाळी रात्री बाहेरचं तापमान साधारण २६ अंश असतं. त्याला काही कुणी उन्हाळा म्हणणार नाही. मुलांना जे 'गरम' वाटतं तो खरं तर दमटपणा असतो. बाहेर पाऊस आणि शेजारी ठाण्याची खाडी असली, तरी त्या दमटपणात आपल्याच घरातल्या पाण्याचीही भर पडते.

आपलं शरीर झोपताना थोडं थंड व्हावं लागतं. ते घामाने होतं. घाम नुसता सुटून भागत नाही, तो वाळायला हवा. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर घाम वाळत नाही, अंगावरच राहतो. मग कूस बदलत रात्र जाते.

आम्ही शिक्षक, तेव्हा थोडं गणित करूच. दहा बाय बाराची, नऊ फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात साधारण ३० घनमीटर हवा मावते. ३० अंशाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प धरते. म्हणजे खोलीतली सगळी हवा मिळून जेमतेम ९०० ग्रॅम, एक लिटरही नाही. आता त्याच खोलीत दोरीवर पाच किलो कपडे वाळत घातलेत. मशीनमधून पिळून निघालेल्या या कपड्यांत दोन-अडीच लिटर पाणी असतं. ते सगळं सुकून जातं कुठे? आधी हवेत, मग भिंतींत, गादीत, कपाटातल्या कपड्यांत.

झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला अंदाजे ४० ग्रॅम पाणी सोडतो. पाच माणसं आठ तास झोपली की दीड लिटरच्या वर गेलं. गॅसचं तर बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. एक किलो एलपीजी जळाला की दीड किलोच्या आसपास पाण्याची वाफ तयार होते. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत त्याच्या ज्योतीतूनच वीस लिटरहून जास्त पाणी घरात येतं. पातेल्यातून निघणारी वाफ वेगळीच.

एवढं पाणी रोज तयार होतं आणि आपण पाऊस दिसला की खिडकी लावून घेतो. 'बाहेरची ओल आत येईल' असं दादी-नानी सांगत आल्या. पाऊस तिरका येत असेल तर त्यांचं बरोबर आहे. एरवी हिशेब उलटा निघतो. बाहेर २६ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर एका घनमीटरमध्ये बाष्प सुमारे २२ ग्रॅम. आत ३० अंश आणि ८० टक्के असेल, तर ते २४ ग्रॅम. टक्का बाहेर जास्त दिसतो, पण पाणी आत जास्त असतं, कारण गरम हवेत बाष्प जास्त मावतं. म्हणून बाहेरची थंड हवा आत आली तर खोली सुकते, ओली होत नाही. अगदी पावसातही.

चाळीतल्या घराला बहुधा एकच दार आणि त्याच भिंतीत एक खिडकी असते. तिथे नुसतं उघडून वारा खेळत नाही. टेबलफॅन खिडकीशी, तोंड बाहेर करून लावा. तो खोलीतली दमट हवा बाहेर ढकलतो आणि दाराच्या फटीतून नवी आत येते. झोपण्याआधी अर्धा तास हे केलं तरी फरक कळतो. छताचा पंखा घाम वाळवायला मदत करतो, पण खोलीतलं बाष्प तो बाहेर काढत नाही, फिरवत राहतो.

पर्द्याचा प्रश्न आमच्या बहुतेक घरांत असतो, आणि तो खरा आहे. गल्ली अरुंद, समोरची खिडकी हाताच्या अंतरावर. म्हणून जाड पर्दा वरपासून खालपर्यंत लागतो आणि हवा अडते. त्याऐवजी पातळ सुती पर्दा खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला लावा आणि वरचा भाग जाळीवर सोडा. आतला दिवा बंद असला की जाळीतून बाहेरच्याला आतलं फारसं दिसत नाही. डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत जाळी तशीही हवीच.

कपडे रात्री झोपायच्या खोलीत वाळत घालू नका. मशीनमध्ये दोनदा पिळा, दिवसा गॅलरीत किंवा पॅसेजमध्ये टाका. घरातच टाकावे लागले तर खिडकीजवळ, पंखा लावून. मोरी घरातच असेल तर ईशाच्या वुजूनंतर फरशीवर वायपर फिरवा. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवा. लोबान जाळल्याने वास झाकला जातो, ओल तशीच राहते. खडे मीठ वाटीत ठेवायचा उपाय लोक सांगतात. मीठ आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावर पाणी ओढतं, पण एका वाटीने कपाटाचा कोपरा सांभाळेल, खोली नाही.

मराठवाड्यातून आलेल्या घरांत कूलर दिसतो. तिकडच्या कोरड्या मे महिन्यात तो नेमत आहे. इथे तो दमट हवेत आणखी पाणी सोडतो. त्यातलं पाणी काढून नुसता पंखा म्हणून चालवा.

पार्कसाइटच्या टेकडीला टेकून बांधलेल्या घरांची गोष्ट वेगळी. मागच्या भिंतीतून डोंगराचं पाणी झिरपतं, तिथे खिडकी उघडून सगळं सुटत नाही. निदान त्या भिंतीला कपाट चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा आणि मुलांची गादी दुसऱ्या बाजूला घाला. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दम्याचा त्रास वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच मांडलं आहे. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतींचा 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने अभ्यास केला, तेव्हा हवा-उजेड न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोग जास्त आढळला. तेव्हा बंद खोलीत फक्त झोपमोड होते असं समजू नये.

एसी असेल तर नियम बदलतो, खिडकी-दार बंदच ठेवा. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी म्हणजे तुमच्या खोलीतलंच बाष्प. २०२० पासून नवे एसी २४ अंशावर सुरू होतात. पावसाळ्यात ते २६ वर नेऊन, 'ड्राय' मोडवर, पंखा हळू लावून झोपून बघा. बिलही कमी येतं. मोठा एसी घेतला की जास्त सुख, असंही नाही. लहान खोलीत तो पटकन थंड करून थांबतो आणि हवा पुरती सुकतच नाही.

गादीबद्दल शेवटचं. फजरनंतर आपण अंथरूण लगेच घडी घालून पलंगाखाली सारतो. रात्रभराचा घाम त्या घडीत अडकतो आणि चार दिवसांत कुबट वास येतो. जमिनीवर झोपत असाल तर गादीखाली चटई घाला. सकाळी गादी अर्धा तास उभी करून पंख्याखाली ठेवा, मुलं शाळेत निघाली की मग घडी घाला.