चूक समोरच्याची, भरपाई कोणाकडून?

ऊसगाळपाच्या हंगामात सोनपेठ-गंगाखेड रस्त्यावर ट्रॅक्टरने उभ्या कारला ठोकले, तर कारमालक निर्धास्त असतो: 'आपला थर्ड पार्टी विमा आहे ना!' हा समज चुकीचा असला तरी स्वाभाविक आहे, कारण १९८८च्या मोटार वाहन कायद्याने तोच विमा सक्तीचा केला आहे. पण थर्ड पार्टी विमा (आपल्या वाहनामुळे इतरांच्या होणाऱ्या नुकसानीचा विमा) आपली गाडी दुरुस्त करून देत नाही. शेजाऱ्याच्या गुरांनी आपले पीक खाल्ले, तर भरपाई शेजाऱ्याकडेच मागतो, तसेच हे. इथे ट्रॅक्टरचा विमा उपयोगी पडतो. तो नसेल, तर भार ट्रॅक्टरमालकावर येतो, आणि वसुली अवघड होते.

भरपाईचा हा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात (अपघाताची भरपाई ठरवणारे न्यायालय) करावा लागतो. तो आपण राहतो त्या भागातही करता येतो. कायद्यातली मुदत सहा महिन्यांची आहे. म्हणून पंचनाम्याची प्रत आणि ट्रॅक्टरचा क्रमांक लगेच मिळवावा. ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीचा क्रमांक वेगळा असतो.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाही विमा असेल, तर आपल्याच कंपनीकडून पैसे लवकर मिळतात. मात्र चूक नसतानाही नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) सहसा जातो.