भ्रमणध्वनीची ॲप्स संगणकावर : एका धान्य व्यापाऱ्याचा अनुभव

व्यापारीबंधूंच्या सेवेत हा अनुभव सादर करण्यापूर्वी एक कबुली देणे प्राप्त आहे. प्रस्तुत लेखक मॅट्रिकपर्यंत शिकलेला असून त्याचे आयुष्य सिल्वाशातील पेढीवर गहू, तांदूळ व डाळी यांच्या घाऊक व्यापारात गेले आहे. यंत्रविद्येचा अधिकार तो सांगत नाही.

गतवर्षी एके सायंकाळी विक्रेत्याने भ्रमणध्वनीवर गव्हाचा भाव २,७७० रुपये कळविला. मी तो २,७१० असा वाचून शंभर क्विंटलांना होकार दिला. चूक माझ्या दृष्टीची होती. दिलेला शब्द फिरविणे आमच्या धंद्यात बसत नाही, म्हणून सहा हजार रुपयांचा फरक मुकाट्याने सोसला. तेव्हा पुतण्या म्हणाला, “काका, हीच ॲप्स लॅपटॉपच्या मोठ्या पडद्यावर का घेत नाही?”

हे कसे साधते ते समजून घेण्यासारखे आहे. १९५४ पूर्वी येथे पोर्तुगीज अंमल होता आणि सरकारी कागद त्यांच्या भाषेत निघत. ज्यास ती अवगत नसे त्याला दुभाष्याचा आश्रय करावा लागे. येथेही तोच प्रकार आहे. भ्रमणध्वनीतील प्रोसेसर बहुधा ‘एआरएम’ जातीचा असतो, तर आपल्या बहुतेक लॅपटॉपांतील प्रोसेसर इंटेल किंवा एएमडी यांचा. दोघांची आज्ञाभाषा भिन्न. ‘इम्युलेटर’ नावाचा प्रोग्रॅम लॅपटॉपच्या पोटात जणू दुसरा अँड्रॉइड फोन उभा करतो व गरज पडेल तेथे दुभाष्याचे कामही करतो. ‘ब्लूस्टॅक्स’ हा त्यांपैकी प्रसिद्ध असून तो २०११ साली लोकांपुढे आला. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मध्ये स्वतःची अशी सोय २०२१ मध्ये जाहीर केली होती, परंतु मार्च २०२५ मध्ये तिचा आधार बंद केला. तेव्हा जुनी माहिती वाचून कोणी तिच्या शोधात वेळ दवडू नये. ॲपलने २०२० पासून आपल्या संगणकांत एआरएम जातीचाच प्रोसेसर घातल्याने तेथे आयफोनची पुष्कळ ॲप्स दुभाष्यावाचून चालतात, मात्र ॲपच्या कर्त्याची अनुमती हवी.

दुभाषी म्हटला की त्याचा मेहनतानाही आला. आमच्या लॅपटॉपची स्मृती ४ जीबी. तेवढ्यात हा कारभार सुरू होताच हिशेबाचा प्रोग्रॅम बैलगाडीच्या गतीने चालू लागला. ८ जीबीची व्यवस्था केल्यावर, आणि बायॉसमधील ‘व्हर्च्युअलायझेशन’ ही बंद असलेली सोय पुतण्याने चालू केल्यावर, गाडी रुळावर आली.

खरी अडचण पुढेच होती. यूपीआयचे ॲप काही केल्या नोंदणी होऊ देईना. कारण उघड आहे: ते ॲप फोनमधील सिमकार्डावरून बँकेकडे संदेश धाडून क्रमांकाची खात्री करते, आणि लॅपटॉपच्या पोटातील फोनाला सिम कोठून असणार? शिवाय बँकांची कित्येक ॲप्स इम्युलेटर ओळखून चालण्याचे नाकारतात. एका परिचिताने यावर तोड म्हणून कोठल्याशा अनोळखी ठिकाणची ‘सुधारलेली’ फाइल सुचविली. मला मोह झाला, हे लपवीत नाही. परंतु पेढीचा हिशेब पाहणाऱ्या माझ्या सूनबाईंनी तत्काळ अडविले. “बापूजी, तिजोरीची किल्ली आपण अनोळखी माणसाकडून घडवून घेऊ का?” अशा फाइलीत कोणी काय दडविले असेल हे आपणांस दिसत नाही आणि खात्याचा परवलीचा शब्द तिच्याच हाती जातो. त्या दिवसापासून पैशाचे प्रत्येक काम फोनवरच ठेवले आहे.

व्हॉट्सॲपसाठी तर एवढा खटाटोप नकोच. २०१५ पासून ते फोनवरून चौकोनी ठशाची खूण घेऊन संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडता येते. भावांची जी ॲप्स संगणकासाठी निराळी मिळत नाहीत, तेवढ्यांपुरताच इम्युलेटर ठेवावा असे माझे मत झाले आहे. तोही त्याच्या कर्त्याच्या मूळ संकेतस्थळावरून घ्यावा.

आता पेढीवर आकडे बोटाच्या पेराएवढे ठळक दिसतात. मात्र समोर बसलेल्या दलालासही ते तितकेच ठळक दिसत आणि आमचा खरेदीचा भाव न विचारता कळत असे. परिणामी लॅपटॉपचे तोंड भिंतीकडे फिरवून गादी दोन हात सरकवावी लागली.