भित्र्या हॅम्स्टरचा विश्वास

पाळीव प्राणी म्हटला म्हणजे आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर गाय, कुत्रा, फार तर मांजर येतें. हीं जनावरें हजारों वर्षें माणसाच्या संगतींत राहिलीं आणि त्याचा स्वभाव ओळखूं लागलीं. अलीकडे मुंबई-पुण्याकडील कित्येक घरांतून मात्र एक नवाच पाहुणा येऊन राहिला आहे. त्याचें नांव हॅम्स्टर. वजन दीडशें ग्रॅमच्या आंतबाहेर, रंग सोनेरी, डोळे काळ्या मण्यांसारखे आणि शेपटी असून नसल्यासारखी. मुलें त्याच्यावर पहिल्या दिवशींच लुब्ध होतात; आणि आठवडा उलटत नाहीं तोंच "हा चावतो", "हा नुसता लपून बसतो", "याला आमची मायाच नाहीं" अशा तक्रारी कानांवर येऊं लागतात. या तक्रारींचा निवाडा करण्यापूर्वीं हा जीव मुळांत आला कोठून, हें पाहणें न्यायाचें होईल.

सोनेरी हॅम्स्टरचें शास्त्रीय वर्णन जॉर्ज वॉटरहाउस या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें १८३९ सालीं केलें. परंतु आज घरोघर दिसणाऱ्या हॅम्स्टरांचा वंश सुरू झाला तो १९३० सालीं. यरुशलेमच्या हिब्रू विद्यापीठांत सॉल अॅडलर हे संशोधक त्या वेळीं काळ्या आजाराच्या वर्गांतील रोगांचा अभ्यास करीत होते. आपल्याकडे बंगाल, बिहार व आसाम या प्रांतांत ज्यानें लाखों माणसें नेलीं, तोच हा काळा आजार. अॅडलर यांना प्रयोगासाठीं एखादा लहान प्राणी हवा होता. त्यासाठीं इस्राएल अहरोनी हे प्राणिशास्त्रज्ञ सीरियांत गेले आणि अलेप्पो शहराजवळच्या एका शेतांत खोल खणून त्यांनीं एक मादी व तिचीं अकरा पिलें बाहेर काढलीं. बिळांतून निघून पेटींत पडतांच त्या मातेनें आपल्याच एका पिलाचा जीव घेतला. हें वाचून कोणीही शहारेल. पण तिला दुष्ट म्हणण्याआधीं तिच्यावर ओढवलेल्या प्रसंगाचा विचार करावा. बाळंतिणीच्या खोलीचें छप्परच कोणी उचकटून नेलें होतें. उरलेलीं पिलें माणसांच्या हातांवर वाढलीं. कांहीं पळालीं, कांहीं मेलीं, आणि जीं थोडकीं राहिलीं त्यांच्यापासून वर्षभरांत दीडशेंच्या घरांत संतति झाली. १९३१ सालीं त्यांतले कांहीं प्राणी इंग्लंडांत गेले. आज जगांत पाळले जाणारे जवळजवळ सर्व सोनेरी हॅम्स्टर त्या एकाच बिळाचे वंशज आहेत.

तात्पर्य, कुत्र्याला माणसाच्या सहवासाच्या हजारों पिढ्या लाभल्या. या जिवाला अजून पुरें एक शतकही लाभलेलें नाहीं. त्यांतून हा प्राणी एकलकोंडा. १९९७ व १९९९ सालीं संशोधकांनीं सीरियांतील शेतांत याचीं बिळें पुनः शोधलीं, तेव्हां तीं सरासरी दोन फुटांहून थोडीं अधिक खोल आढळलीं, आणि प्रत्येक बिळांत प्रौढ प्राणी एकच होता. तेथील शेतकरी त्याला धान्यचोर समजतो, आणि ती समजूत खोटी म्हणतां येत नाहीं. गालांच्या थैल्यांत दाणे भरून बिळांत कोठार करणें हा याचा धंदाच आहे. जर्मन भाषेंत याच्या नांवावरून साठेबाजीला क्रियापद झालें आहे, एवढी याची कीर्ति! पण कोठार भरायला बिळाबाहेर पडावें लागतें, आणि बाहेर शिकारी पक्षी, कोल्हे आणि साप टपलेले असतात. याची दृष्टि मंद. भिस्त सारी नाकावर आणि कानांवर. आकाशांतून सावली पडली कीं पळावें, एवढें शिक्षण त्याच्या रक्तांतच आहे. जो त्या सावलीला भ्याला नाहीं, त्याचा वंशही राहिला नाहीं.

आतां आपण प्रेमानें पिंजऱ्याचें झांकण उघडतों आणि वरून हात आंत घालतों. त्या हाताची सावली त्याला मायेची कशी वाटावी?

आमच्या घरीं गेल्या वर्षीं नातीच्या नवव्या वाढदिवसाला अशीच एक मादी आली. रंगावरून नातीनें तिचें नांव 'सुपारी' ठेवलें. दुकानांत तिला मानगूट धरून उचललें होतें आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांत टाकलें होतें, हें नातीनें स्वतः पाहिलें होतें. घरीं आल्यावर कोणी जवळ गेलें कीं सुपारी दगडासारखी स्तब्ध होई, कान मागें पाडी, दांत कटकट वाजवी. आणि हात पुढें येतांच उताणी पडून अशी किंचाळे कीं एवढ्याशा देहांत एवढा आवाज मावतो कोठें, असें वाटावें. चौथ्या दिवशीं तिनें शेजारच्या मुलाचें बोट फोडलें. त्याबरोबर घरांत दोन पक्ष पडले. कोणी म्हणे, दुकानांत परत द्या. कोणी म्हणे, टेकडीवर नेऊन सोडून द्या, उंदीरच तो, जगेल कसाही. आमचा या दुसऱ्या सूचनेला सक्त विरोध होता. परक्या मुलखांतला, पिंजऱ्यांतच जन्मलेला हा जीव टेकडीवर एक रात्रही काढता ना. मांजराचें भक्ष्य होता. आणि दुकानांत परत देणें म्हणजे त्याच मुठींत पुनः देणें.

नात मात्र रडकुंडीला आली होती. "आजोबा, मी तर तिला रोज दाणे देतें, मग ती मलाच कां भिते?" असा तिचा सवाल. आम्हीं तिला एवढेंच सांगितलें कीं, दाणे तूं देतेस हें सुपारीला ठाऊकच नाहीं. तिला ठाऊक आहे तो फक्त हात. तेव्हां आधीं हात ओळखीचा होऊं दे.

पहिले आठ दिवस पिंजऱ्यांत हात घालायचा तो दाणा-पाण्यापुरताच, असें ठरलें. पिंजरा स्वयंपाकघरांतील मिक्सरच्या आणि दिवाणखान्यांतील टीव्हीच्या आवाजापासून दूर, कोपऱ्यांतल्या बाकावर हलविला. तळाशीं वासविरहित कागदाच्या कपट्यांचा चांगला वीतभर थर घातला, कारण ज्याला पुरून बसतां येत नाहीं त्या हॅम्स्टरचें भय कधींच ओसरत नाहीं. कित्येकांस वाटतें, लपायला जागा दिली तर तो बाहेर येणारच नाहीं. वस्तुतः उलट घडतें. पळून जायला घर आहे ही खात्री असली म्हणजेच तो दाराशीं येण्याचें धाडस करतो. लांकडी घरकुल आणि पाठ वांकणार नाहीं एवढें मोठें चाकही आंत होतेंच.

हा प्राणी दिवसां झोपतो. दुपारीं शाळेंतून आलेल्या मुलांनीं त्याला उठवून खेळावें, यासारखा दुसरा छळ नाहीं. मध्यरात्रीं आपलें पांघरूण ओढून कोणी आपल्याशीं खेळूं म्हटलें तर आपणही चावूं. म्हणून रात्रीं नऊची वेळ नेमली. नात पिंजऱ्याजवळ बसून हलक्या आवाजांत पाढे म्हणे. पाढेच कां, तर तिचे कच्चे होते म्हणून! परंतु रोज त्याच वेळीं तोच आवाज कानीं पडावा आणि त्यापाठोपाठ कांहींही वाईट घडूं नये, हा त्यांतला मुद्दा होता. तिनें दिवसभर खिशांत बाळगलेला कागदी रुमालाचा तुकडाही पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यांत ठेवला. दुसऱ्या सकाळीं तो तेथें नव्हता. सुपारीनें तो ओढून नेऊन आपल्या बिछान्यांत विणला होता. माणसाचा वास तिनें आपण होऊन घरांत घेतला, तो हा असा.

त्यानंतर हाताची पाळी. हात बिनवासाच्या साबणानें धुतलेला असावा. नाहींतर बोटाला जेवणाचा वास येतो, आणि बोट हा खाद्यपदार्थ आहे असा त्या मंददृष्टि प्राण्याचा प्रामाणिक समज होतो. हात वरून न आणतां बाजूनें आणि जमिनीलगत न्यावा, तळवा उताणा ठेवावा, त्यावर सूर्यफुलाची एखादी बी असावी, आणि मग हालचाल मुळींच करूं नये. हें शेवटचें फार कठीण. ज्या रात्रीं सुपारीनें पहिली बी उचलली, त्या रात्रीं नातीचा हात वीस मिनिटें तसाच होता. त्यापूर्वींच्या अकरा रात्री तो रिकामाच परत आला होता. एकदां तर ती अगदीं बोटापर्यंत आली, मिशा लागल्या आणि मागें फिरली. नातीच्या डोळ्यांत पाणी आलें, पण तिनें हात हलविला नाहीं. आमच्या मते सारें काम त्या रात्रींच झालें. आपण निघून गेलों तरी हा हात पाठलाग करीत नाहीं, हें सुपारीला तेव्हां कळलें.

बी उचलण्यापासून तळहातावर चढून बसण्यापर्यंत आणखी तीन आठवडे गेले. उचलण्यासाठीं आम्हीं आधीं चहाचा मोठा पेला वापरला. तो आडवा ठेवला कीं ती बीळ समजून आपण होऊन आंत शिरे. बाहेर काढतांना नेहमीं जमिनीवर चटई घालून बसावें. हा प्राणी उंची ओळखत नाहीं, आणि टेबलावरून पडला तर पाय मोडतो. चावला तर हात झटकूं नये. झटकल्यानें त्याला इजा होते, आणि चावलें कीं हात जातो हा धडाही तो शिकतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यांत. एकटें वाटत असेल म्हणून जोडीदार आणूं नये. प्रौढ सोनेरी हॅम्स्टर एका पिंजऱ्यांत रक्तपात करतात, आणि नर-मादी असल्यास सोळा दिवसांत पिलें होतात. ज्वारी, बाजरी, मोड आलेले मूग, काकडीचा काप हें त्याला मानवतें. अधूनमधून बिनमिठाच्या पनीरचा कण, आणि ज्यांच्या घरीं चालत असेल त्यांनीं उकडलेल्या अंड्याचा. कांदा, लसूण, लिंबूवर्गीय फळें नकोत. प्रसादाचा पेढाही नको, आजीनें कितीही आग्रह केला तरी. आपल्याकडील वैशाखाचा उन्हाळा त्याला फार बाधतो, तेव्हां पिंजरा घरांतील सर्वांत थंड खोलीत असावा. आणि आयुष्य जेमतेम दोन-तीन वर्षांचें, हें मुलांना आधींच सांगून ठेवावें.

सुपारी कुत्र्यासारखी लाडिक झाली नाहीं, आणि होणारही नाहीं. परक्या माणसाला ती अजून बिचकते. नातीच्या ओंजळींत मात्र ती निर्धास्त बसून तोंड धुते. या निर्धास्तपणाचा उपयोग काय, असें विचारणारे आमच्या घरींही होते. गेल्या श्रावणांत नातीच्या ध्यानांत आलें कीं सुपारी दाणे उचलते आणि टाकून देते, हनुवटी ओली राहते. ओंजळींत घेऊन तिनें ओठ हळूच वर केला तेव्हां पुढचा एक दांत वांकडा वाढून टाळूपर्यंत गेलेला दिसला. कुरतडणाऱ्या प्राण्यांचे दांत जन्मभर वाढतच असतात. झिजले नाहींत तर तोंड मिटतें आणि अन्न समोर असून प्राणी उपाशीं मरतो. जिला हात लागूं देत नाहीं अशा सुपारीचा तो दांत कोणाला दिसता? पशुवैद्यानें तो दोन मिनिटांत छाटला. त्या रात्रीं नऊ वाजतां, सत्ताविसाचा पाढा चालू असतां, तिनें ज्वारीचे दाणे दोन्ही गाल फुगेपर्यंत भरले आणि ती बिळांत घेऊन गेली.