नदीकाठी प्लॉट बघताय? आधी पावसात जाऊन या

ते रील तुमच्याही फोनवर येऊन गेलं असेल. ड्रोन वरून खाली येतो, हिरवंगार भातशेत, त्यातून वळण घेत गेलेली नदी, काठावर लाकडी डेक, डेकवर कॉफीचा मग. मागे गिटार. खाली एवढंच लिहिलेलं : 'दादरपासून फक्त दोन तास. स्वतःची नदी, स्वतःचं घर. मोजकेच प्लॉट शिल्लक.' तुम्ही ते सेव्ह केलंत, ग्रुपवर टाकलंत आणि कुणीतरी लगेच विचारलं, 'चल, रविवारी बघून येऊ?'

आपल्याला हे रील जरा जास्तच लागतं, त्याला कारण आहे. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. म्हणजे एका गुंठ्यात जवळजवळ सात खोल्या! गिरगावात किंवा लालबागमध्ये माळ्यावर झोपून, कॉमन संडासाच्या रांगेत उभं राहून मोठं झालेल्या मुलाला 'पाच गुंठे' हा शब्दच केवढा मोठा वाटतो. त्यातून घरात थोडे पैसे आलेले असतात. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली त्याचा कॉर्पस, नाहीतर बाबांचा प्रॉव्हिडंट फंड. हे पैसे पुन्हा येणार नसतात. म्हणून ते नदीत घालण्याआधी थोडं बोलू या.

पहिली गोष्ट नदीचीच. प्लॉटवाले तुम्हाला ऑक्टोबर ते फेब्रुवारीत नेतात. तेव्हा सह्याद्रीच्या पायथ्याची कुठलीही नदी देखणीच असते. खरी परीक्षा मे महिन्यात. कोकणातल्या बऱ्याच नद्या तेव्हा डबक्यांवर येतात, पात्रात गोटे आणि गुरं. मग 'आमची नदी बारमाही आहे' असं कुणी छातीठोक सांगितलं तर ती का बारमाही आहे, हे विचारा. उत्तर बहुतेक वेळा घाटावर सापडतं. टाटांनी घाटमाथ्यावर धरणं बांधली, पाणी खाली सोडून वीज केली. खोपोलीचं वीज केंद्र 1915 सालचं, भिवपुरीचं 1922चं, भिऱ्याचं 1927चं. ही वीज मुख्यतः मुंबईसाठी, लालबाग-परळच्या गिरण्या तिच्यावर चालल्या. वीज करून झाल्यावरचं पाणी खोपोलीला पाताळगंगेत, भिवपुरीला उल्हासमध्ये आणि भिऱ्याला कुंडलिकेत जातं. कोलाडला तुम्ही राफ्टिंग करता ना? ते याच भिऱ्याहून सुटणाऱ्या पाण्यावर. हे पाणी मुळशीचं. त्या धरणाविरुद्ध 1921 मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, त्याचं नेतृत्व करणाऱ्या सेनापती बापटांचं नाव आपण दादर स्टेशनबाहेरच्या रस्त्याला दिलंय. रोज त्या रस्त्यावरून जातो, पण हे सहसा कुणी सांगत नाही.

सांगायचा मुद्दा हा, की तुमच्या डेकसमोरचं मे महिन्यातलं पाणी किती, कधी, हे वर कुणीतरी ठरवतं. आणि पावसाळ्यातलं पाणी कुणीच ठरवत नाही.

27 जुलै 2019 आठवतो? महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात उभी राहिली होती. हजारावर प्रवासी, बोटी, हेलिकॉप्टर. ते पाणी उल्हासचं. तीच उल्हास, जी रीलमध्ये कॉफीच्या मगामागे दिसते. मग 22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये वाशिष्ठी आणि महाडमध्ये सावित्री घराघरांत शिरली. लालबाग-परळमधल्या कितीतरी घरांत त्या दिवशी फोन लागत नव्हते, कारण निम्मं गाव तिकडे.

सरकारी भाषेत याला पूररेषा म्हणतात. जलसंपदा विभाग नदीला दोन रेषा आखतो. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, तिथे घर बांधायचं नाही. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा, तिथे अटी घालून परवानगी. आता 'शंभर वर्षांतून एकदा' ऐकलं की आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता, असा असतो. साधं गणित करा : 20 वर्षांचं कर्ज काढलंत, तर ते फिटेपर्यंत लाल रेषेइतका पूर निदान एकदा येण्याची शक्यता 18 टक्के. निळ्या रेषेइतका येण्याची 56 टक्के. निम्म्याहून जास्त! ईएमआय संपायच्या आत.

सगळ्या नद्यांवर या रेषा आखलेल्या नाहीत. त्यामुळे 'इथे पूररेषाच नाही' हे एजंटचं वाक्य खरं असू शकतं, पण त्यातून पूर येत नाही असं निघत नाही. अशा ठिकाणी गावात चहा प्या. टपरीवाल्याला विचारा, 2005 ला पाणी कुठवर आलं होतं? 2021 ला? लोकांना पायरीसकट आठवत असतं. काठावरच्या झाडांकडे मान वर करून बघा. फांद्यांत प्लास्टिकच्या पिशव्या, चिंध्या अडकलेल्या दिसतील, पाणी निदान तिथवर चढलं होतं. प्लॉट वळणाच्या कुठल्या अंगाला आहे हेही पाहा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी खोल, दृश्य सुंदर आणि भाव जास्त. पण नदी काठ कापते तीही तिथेच. आतल्या बाजूला ती गाळ आणून टाकते. जास्त पैसे मोजून आपण नेमकी कापली जाणारी बाजू घेतो.

नेदरलँड्समध्ये नदीकाठचं घर ही फार जुनी हौस. देशाचा बराच भाग पाण्याशी भांडून मिळवलेला. तिथे घर बघताना पहिला प्रश्न असतो, बंधाऱ्याच्या आत की बाहेर? बाहेर, म्हणजे नदीच्या बाजूला असाल, तर पुराचं नुकसान तुमचं तुम्ही सोसायचं. 1995 मध्ये नद्या इतक्या फुगल्या की सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. त्यानंतर त्यांनी बंधारे फक्त उंच करत बसण्याऐवजी नदीलाच जागा परत द्यायचं ठरवलं. नायमेखेनजवळ बंधारा 350 मीटर मागे घेतला, त्यासाठी पन्नासेक घरं गेली. दुसऱ्या एका भागात शेतकऱ्यांची घरं उंच केलेल्या टेकाडांवर नेली. मासबोमेल गावात तर पुरात वर उचलली जाणारी घरं आहेत, खांबांना धरून तरंगतात. आपण बरोबर उलटं करतो : नदी आत ढकलतो, भराव टाकतो आणि वर गझेबो बांधतो.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण पैसे इथेच बुडतात. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, 1948 च्या कूळकायद्याचं कलम 63. तुम्ही शेतकरी नसाल तर अकृषिक, म्हणजे एनए प्लॉटच बघायचा. आणि 'एनए होणार आहे' म्हणजे एनए झालेला नाही. सातबारा एजंटकडून घेऊ नका, महाभूमीच्या साइटवर डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मिळतो. त्यात भोगवटादार वर्ग 1 आहे की 2 ते पाहा. वर्ग 2 ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. 'इतर हक्क' हा रकाना सगळ्यात आधी वाचा, कुळाचं नाव आणि बँकेचा बोजा तिथे लपलेले असतात. पोटखराबा किती आहे? नदीलगतचा भाग बरेचदा त्यातच असतो. दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे करून एकाच सातबाऱ्यावर वीस अनोळखी माणसांची नावं चढवणारे महाभागही आहेत. तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे, त्यातले नियम बदलत असतात, म्हणून आजचा नियम तहसील कार्यालयातच विचारा. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकत असतील तर महारेराचा नंबर आणि जाहिरातीत क्यूआर कोड हवाच. रीलवर गिटार असते, क्यूआर कोड नसतो.

कर्जत, मुरबाड, शहापूरकडे जात असाल तर एक गोष्ट विसरू नका. नदीकाठची कितीतरी जमीन ठाकूर, कातकरी कुटुंबांची आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीने घ्यायची तर सरकारची परवानगी लागते, भाडेपट्ट्यालाही. '99 वर्षांचं अ‍ॅग्रीमेंट करून देतो' म्हणणारा तुम्हालाही फसवतोय आणि त्या कुटुंबालाही. आणि 'प्रायव्हेट रिव्हरफ्रंट' नावाची चीज कायद्यात नाही. नदीचं पात्र सरकारचं. तुमच्या डेकखालच्या दगडावर वाडीतल्या बायका कपडे धुवायला येत असतील, तर त्या येणारच. त्यांची वहिवाटीची वाट कंपाउंड घालून अडवलीत तर तहसीलदार ती मोकळी करायला लावू शकतो, तो कायदा 1906 चा आहे.

एवढं सगळं वाचून म्हणाल, मग आम्ही घर घ्यायचंच नाही का? घ्या की. पण लालबाग-परळ, गिरगावात राहणाऱ्या निम्म्या मुलांना मला वेगळंच विचारायचंय. तुमचं गावचं घर कुठल्या नदीवर आहे? शास्त्री? जगबुडी? काजळी? आजोबा गिरणीत लागले, घराला कुलूप लागलं, पण सातबाऱ्यावर नाव आहे. ते असेल तर तुम्ही शेतकरी आहात, राज्यात कुठेही शेतजमीन घेऊ शकता, आणि कदाचित घ्यायची गरजच नाही. शिवाय जुन्या माणसांनी घर कुठे बांधलंय ते नीट बघा. नदीला लागून भाताची खाचरं, वाडी वर चढावर, जोतं कमरेएवढं. ज्यांना कुणी पूररेषा आखून दिली नव्हती त्यांनी नदीला तिची जागा सोडून घर बांधलं होतं. छप्पर आणि वायरिंग दुरुस्त करायला जो खर्च येईल त्यात रीलमधला एक गुंठाही येणार नाही.

अडचण एकच, सातबाऱ्यावर तुमच्याबरोबर अजून सत्तावीस नावं आहेत. त्यातली सहा वारलेली, त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही. आत्यांची नावं तर कुणी लावलीच नाहीत, आणि मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे हे काकांना सांगायचं काम तुमच्यावर आलंय. हे मुंबईत फोनवर होत नाही. पण गणपतीत ही सगळी नावं एका छपराखाली, एकाच पंगतीत असतात. आरती झाली की उतारा काढून मध्ये ठेवा. मग सुट्टी सोडून उघडं असेल त्या दिवशी दोन काकांना आणि एका आत्याला घेऊन तलाठ्याकडे जा. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, बाकी कपाट तेच आहे. मृत्यूचे दाखले मुंबईहूनच घेऊन निघा, नाहीतर दुसरी फेरी शिमग्यालाच होईल.