खाल्ल्या मिठाची गोष्ट

दिवाळी अंकांच्या संपादकांचा आम्हां मराठीच्या प्राध्यापकांविषयी एक जुना समज आहे. या माणसाकडून दुसरे काही मिळाले नाही, तरी उत्तरपत्रिकांतले विनोद हमखास मिळतील, असे त्यांना वाटते. श्रावण लागला की निरोप येतो, 'तुमच्या कॉलेजातले काहीतरी खुसखुशीत पाठवा.' आणि आम्हीही पाठवतो. सात-आठ वर्षांपूर्वी मीही असा एक लेख पाठवला होता. त्याची हकीकत आज सांगायची आहे. पण ती सांगायला थोडा धीर गोळा करावा लागतो, म्हणून आधी इतरांविषयी लिहितो.

ज्या नोकरीवर आपले पोट चालते तिच्यात राहून लिहावे की नाही, हा प्रश्न मराठीत काही आजचा नव्हे. १८४८ साली भाऊ महाजनांच्या 'प्रभाकरा'त 'लोकहितवादी' या सहीची पत्रे येऊ लागली, तेव्हा ती लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी चाकरीत होते. पुढे ते मुन्सफ झाले आणि न्यायखात्यात वर चढत गेले. त्यांचे निभावले. आज मात्र टोपणनावाचे पांघरूण पुरत नाही. शासकीय नोकरांसाठी महाराष्ट्राचे १९७९ चे वर्तणूक नियम आहेत. निव्वळ वाङ्मयीन, कलाविषयक किंवा शास्त्रीय लिखाणाला त्यांत मोकळीक आहे. परंतु शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका स्वतःच्या नावाने करा, टोपणनावाने करा की निनावी करा, ती मना आहे. समाजमाध्यमांवरच्या लिखाणालाही जुलै २०२५ मध्ये असेच कुंपण पडले. आता तलाठ्याने लिहिलेली तलाठ्याची गोष्ट वाङ्मय कुठपर्यंत असते आणि टीका कुठे होते, हे ज्याच्या टेबलावर फाइल पडेल त्याने ठरवायचे!

तरीही माणसे लिहितात, आणि त्यांनी लिहिले नसते तर आपलेच नुकसान झाले असते. विश्वास पाटील प्रशासनात होते म्हणून 'झाडाझडती' झाली. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कागद आतून कसा फिरतो आणि कुठे मुक्काम ठोकतो, हे बाहेरच्या लेखकाला कितीही पायपीट करून उमगले नसते. त्या कादंबरीला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आमच्या मराठवाड्यातले, निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानाच्या मुलकी सेवेत होते. आदिलाबाद जिल्ह्यात काम पडले, तर हा गृहस्थ गोंडी भाषा शिकला आणि त्याने गोंडांवर पुस्तक लिहिले. गेले साहेब म्हणून आणि झाले विद्यार्थी! ज्याला आपल्या कामाविषयी लिहायचे असते त्याला ते काम डोळे उघडे ठेवून करावे लागते. लिहिण्याचा सर्वांत मोठा लाभ मला हाच वाटतो. मानधन दिवाळी अंकाचे असते, त्याविषयी न बोललेले बरे.

आम्हां प्राध्यापकांच्या पेशाची लक्तरे भालचंद्र नेमाड्यांनी चांगदेव पाटलाच्या कादंबऱ्यांतून वेशीवर टांगली. त्यांतली 'झूल' १९७९ ची. ते स्वतः प्राध्यापक होते, आमच्या येथील विद्यापीठातही शिकवीत होते. विद्यार्थिदशेत ती वाचताना आम्ही आमच्या एकेका सरांना त्यात बसवून पाहत असू. पुढे मी स्वतः खुर्चीवर बसलो तेव्हा तो खेळ आपोआप बंद पडला.

तर माझा लेख. छापून येण्याआधी मला धास्ती होती ती वरिष्ठांची. प्राचार्य काय म्हणतील, संस्थाचालकांना कोणी कात्रण नेऊन दिले तर? म्हणून कॉलेजचे नाव गाळले, विद्यार्थ्यांची नावे तर घातलीच नव्हती. अंक निघाला. प्राचार्यांनी व्हरांड्यात पाठीवर थाप मारली आणि 'छान लिहिलंय' म्हणाले. त्यांनी तो वाचला नव्हता, हे पुढच्याच वाक्यावरून कळले. वरिष्ठ मंडळी सहसा वाचत नाहीत.

सुटीनंतर पहिल्याच आठवड्यात प्रथम वर्षाचा एक मुलगा विभागाच्या दाराशी उभा राहिला. बीड जिल्ह्यातला, शेवटच्या बाकावर बसणारा.

"सर, तुमचा लेख वाचला. लायब्ररीत ठेवलाय."

ग्रंथालयात कोणते दिवाळी अंक घ्यायचे याची यादी मीच करतो.

"ते उन्हाळ्याचं वाक्य माझं आहे."

चाचणीत 'माझा आवडता ऋतू' हा निबंध होता. त्याने लिहिले होते, 'मला उन्हाळा आवडतो, कारण उन्हाळ्यात आई घरी असते.' मी त्यावर लाल शाईने 'विसंगत' असा शेरा मारून गुण कापला होता. लेखात ते वाक्य उतरवून पुढे लिहिले होते, 'उरलेल्या ऋतूंत मातोश्री कोठे असतात, हे चिरंजीवांनी सांगितलेले नाही.' या वाक्यावर स्टाफरूममध्ये सर्वांत मोठा हशा पिकला होता.

मी घाईघाईने म्हणालो, "अरे, पण कोणाचं नाव नाही घातलेलं."

"नाही घातलं ते बरं केलं, सर. पण ते चुकीचं नव्हतं."

मग त्याने सांगितले. आई-वडील मिळून एक कोयता. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास गाडीत संसार भरून कारखान्याच्या फडावर जायचे, आणि हंगाम सरला की पाडव्याच्या मागेपुढे परतायचे. हा आजीपाशी. दिवाळीला आई घरी असेलच असे नाही. उन्हाळ्यात मात्र असते.

मी मराठवाड्यातच जन्मलो आणि वाढलो. बीडच्या ऊसतोडीविषयी वर्गात बोललोही होतो. पण लाल शाईचे पेन हातात असताना ते काहीच आठवले नाही. मला राजीनामा मागणारे कोणी नव्हते, नोटीस देणारेही कोणी नव्हते. सर्व काळजी मी वरच्या लोकांची घेतली होती, आणि ज्याच्या वाक्यावर लेख उभा होता तो माझ्याकडे गुणसुद्धा मागायला आला नव्हता. मी 'माफ कर' म्हणालो. तो "तसं काही नाही, सर," म्हणून तासाला गेला.

त्यानंतर मी लिहिणे सोडले नाही. निबंध तपासताना मात्र 'विसंगत' हा शब्द लिहिण्याआधी मुलाला बोलावून घेतो. अर्धे विनोद तिथेच नाहीसे होतात, आणि संपादकांना खुसखुशीत असे काही पाठवता येत नाही. जे उरते तेही ज्याचे असेल त्याला दाखवून मगच पाठवतो. काही जण नको म्हणतात.

यंदाही संपादकांचा निरोप आला, तेव्हा त्या मुलाला फोन केला. तो आता वाळूजच्या एका कारखान्यात आहे. आई-वडिलांनी यंदाही उचल घेतल्याचे त्याने सहज बोलता बोलता सांगितले. मी विचारले, "तुझ्या त्या वाक्याविषयी लिहू का रे?"

"लिहा की, सर," तो म्हणाला, "गावाचं नाव तेवढं नको. आणि या वेळी खाली शेरा देऊ नका."