विजेवाचून चालणारा माग

एकलहऱ्यात यंत्र म्हटले की दुसरे काही डोळ्यांपुढे येतच नाही. नाशिकरोड मागे पडले की शेतांच्या वर धुराडी दिसू लागतात, आणि गावाची ओळख तिथेच सुरू होऊन तिथेच संपते, असे बाहेरच्या माणसाला वाटते. 1970 आणि 1971 साली इथे औष्णिक वीज केंद्राचे 140 मेगावॅटचे दोन संच उभे राहिले. पुढे 1979 ते 1981 या काळात 210 मेगावॅटचे तीन संच आले. पहिले दोन केव्हाच निवृत्त झाले. उरलेल्या तिघांची क्षमता 630 मेगावॅट आहे. रेल्वेने येणारा कोळसा, त्याची भुकटी, बॉयलरमधली वाफ, वाफेवर फिरणारे टर्बाइन आणि मागे उरणारी राख, एवढ्या साखळीवर इथल्या दोन पिढ्या जगल्या.

या यंत्राने माणसे घडवली, यात शंका नाही. 'तो थर्मलला आहे' एवढ्या तीन शब्दांत इथे एखाद्याचे शिक्षण, पगार, क्वार्टर आणि लग्नाच्या बाजारातली पत सांगून होत असे. विदर्भातून, खानदेशातून, मराठवाड्यातून आलेली कुटुंबे वसाहतीत शेजारी-शेजारी राहिली. त्यांच्या मुलांची बोली ना वऱ्हाडी राहिली ना अहिराणी. पाळी, लोड, युनिट, 'ट्रिप झालं' या शब्दांनी ती भरून गेली. पण बदलीचा कागद आला की घर उठायचे, निवृत्ती आली की क्वार्टर सोडायचे. संच बंद झाला की त्याच्याबरोबर त्याला ओळखणारी माणसेही पांगतात. ज्याचे कान टर्बाइनच्या आवाजातला बारीक फरक ओळखत होते, त्याला ती विद्या घरी नेऊन मुलाच्या हातात देता येत नाही, कारण ते यंत्र घरात मावत नाही.

हे डोक्यात ठेवून याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका यंत्राकडे पाहावे. ते घरात मावते. किंबहुना त्याच्यासाठी घराची जमीन खणलेली असते.

नाशिकहून निफाड, विंचूर करत छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने गेले की येवला लागते. तात्या टोपे यांचे हे जन्मगाव. 13 ऑक्टोबर 1935 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली तीही इथेच. आणि पैठणीचे गाव. पैठण गोदाकाठी, सातवाहनांची राजधानी. साडीला नाव त्या गावाचे. पण आज ज्या पैठण्या लग्नांत मिरवतात त्यांतल्या कितीतरी येवल्याच्या मागांवरून उतरलेल्या असतात. पैठणला ही कला विसाव्या शतकात जवळजवळ विझली होती, ती पुढे सरकारी केंद्राच्या आधाराने पुन्हा धरली. येवल्यात ती घराघरांत टिकली. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

येवल्यात विणकर कसे आले याची कथा गावात सगळ्यांना ठाऊक आहे. रघोजी नाईकांनी पेठ वसवली, बाहेरून विणकर आणि रेशमाचे व्यापारी बोलावले, त्यांना जागा दिली. साळी, कोष्टी, खत्री, मोमीन अशा अनेक समाजांचे हात या कामाला लागले. घरात कुणाची बोली गुजरातीच्या वळणाची, कुणाची दख्खनी उर्दू. मागावर आणि बाजारात मात्र सगळ्यांची मराठी. एका गावाने वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या माणसांना एका धंद्याची भाषा दिली. एकलहऱ्याच्या वसाहतीतही माणसे अशीच वाटावाटांनी आली होती. पण येवल्याला आलेली माणसे कुणाच्या बदलीवर अवलंबून नव्हती, त्यामुळे ती रुजली.

आता माग पाहू. जुन्या घरात पुढच्याच खोलीत जमिनीत खड्डा असतो. विणकर खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खाली पावड्यांवर. समोर ताणा ताणलेला, हाताशी फणी आणि धोटा. जमिनीलगतच्या ओलाव्याने रेशमाचा धागा कोरडा पडून तुटत नाही, हा या बैठकीचा मोठा फायदा. पावडी दाबली की ताण्याचे काही धागे वर, काही खाली. मधून धोटा जातो. फणी ठोकून बाणा बसतो. यात वीज कुठेच नाही. 2005 नंतर भारनियमनाने राज्य बेजार झाले, गावोगावी तासन्‌तास अंधार पडे, तेव्हाही दिवसाच्या उजेडात हा माग चालू राहू शकत होता. याच जिल्ह्यातल्या मालेगावात, उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांच्या नातवंडा-पतवंडांच्या यंत्रमागांना मात्र वीज गेली की थांबावे लागे. एकलहऱ्याची वीज ग्रिडमध्ये मिसळून नेमकी कुठे जाते ते सांगता येत नाही. पण एका जिल्ह्यात वीज करणारे गाव, विजेवर विणणारे शहर आणि विजेवाचून विणणारे गाव अशी तिन्ही असावीत, हे नाशिककरांनी लक्षात घ्यायला हवे.

मागावर बसण्याआधीचे काम बाहेरच्याला दिसत नाही. रेशीम बहुतेक बंगळुरूकडून येते, जर सुरतेहून. कच्च्या रेशमावरचा चिकट थर उकळून काढायचा, मग रंगारी ते रंगवतो. रंगलेल्या लडी रहाटावर उकलायच्या, आसारीवर, म्हणजे फिरकीवर, घ्यायच्या, त्यातून ताणा करायचा. जुना ताणा संपत आला की त्याच्या प्रत्येक धाग्याच्या टोकाला नव्या ताण्याचा धागा बोटांनी पिळून सांधायचा. असे हजारो धागे. या कामात घरच्या बायकांचा हात मोठा असतो, आणि साडीच्या किमतीच्या चर्चेत तो सर्वांत आधी विसरला जातो.

त्याच घडणीची बांबूची आसारी भोगी, संक्रांत आणि करीच्या दिवशी येवल्याच्या गच्च्यांवर दिसते. तिच्यावर रेशमाऐवजी पतंगाचा दोरा असतो. तीन दिवस गाव छतावर राहते, हलगी वाजते, आणि रेशीम उकलायला शिकलेले मनगट दोरा ढील द्यायलाही तितकेच तयार असते. धंदा माणसाच्या सणात शिरतो तो असा.

पैठणीचे खरे कौशल्य काठात आणि पदरात. अंगाचा रंग वेगळा, काठाचा वेगळा, म्हणून एका ओळीला तीन धोटे लागतात: दोन काठांना दोन आणि मधल्या अंगाला एक. अंगाचा बाणा काठाच्या बाण्यात अडकवूनच परतवायचा, नाहीतर जोडावर फट पडते. पदरावर तर धोट्याचे कामच मंदावते. तिथे रंगीत रेशमाच्या बारीक तिल्ल्या लावतात, रंगागणिक वेगळ्या. मोराच्या मानेला निळी, चोचीला लाल, पानाला हिरवी. ताण्याचे धागे मोजायचे, तेवढ्यांतून तिल्ली फिरवायची, शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकवायची आणि पुढच्या रंगाकडे वळायचे. अख्खा दिवस बसून पदर काही बोटेच पुढे सरकतो. साध्या पैठणीला काही आठवडे लागतात. भरगच्च पदराच्या, अंगभर नक्षीच्या साडीला महिने जातात, कधी वर्षही उलटते.

अशा विणीत जास्तीचा धागा मागे लोंबकळत राहत नाही. म्हणून खऱ्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. मोराची पाठ आणि पोट सारखेच देखणे. अंगाला ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेतला की साडी हलताना रंग पालटतो, ती धूपछाव.

हे मोजकाम पूर्वी बरेचसे तोंडी चालायचे. किती धागे उचलायचे, किती सोडायचे, हे बाप बोलत जाई आणि मुलगा करत जाई. आता आलेख कागदावर काढलेली नक्षी असते, काठाला जॅकार्डही लागले आहे. पण बांगडी मोर, असावली, मुनिया, कमळ, नारळी काठ ही नावे अजून बोलण्यातच राहतात. बांगडी मोर म्हटले की गोल बांगडीत बसवलेला मोर, आणि तो विणायला कठीण, हे येवल्यात शाळकरी पोरालाही माहीत असते. मुनिया म्हणजे काठावरचा छोटा हिरवा पोपट. ज्याच्या कानावर ही नावे लहानपणापासून पडली, त्याला नक्षी शिकवायला वेगळे बसवावे लागत नाही. जन्मगाव माणसाला जे देते ते हेच: शिकण्याआधीची ओळख. हातमागाची शाळा कुठेही काढता येईल, पण कामाची भाषा ज्या गल्लीत सकाळपासून रात्रीपर्यंत ऐकू येते ती गल्ली काढता येत नाही.

आणि ती गल्ली म्हणजे निव्वळ आठवणींचे ठिकाण नव्हे. रंगारी चालत जाण्याच्या अंतरावर, माग दुरुस्त करणारा सुतार ओळखीचा, फणी भरून देणारा शेजारचा, व्यापाऱ्याचे दुकान पेठेत. एक धागा तुटला तर कुणाला हाक मारायची हे ठाऊक. येवला तालुक्यात पाऊस बेताचा, शेती त्याच्या भरवशावर. म्हणून नागडे, बल्हेगाव यांसारख्या आजूबाजूच्या गावांत ज्यांच्या घरात कधी माग नव्हता अशा तरुणांनीही तो शिकून घेतला. जातीच्या कुंपणात राहिलेली विद्या गावाच्या पोटापाण्यासाठी कुंपणाबाहेर आली. मला ही येवल्याची गेल्या काही दशकांतली सर्वांत चांगली गोष्ट वाटते. कला जपायची म्हणजे ती मूठभर घरांत बंद ठेवायची, या समजुतीला येवल्याने दिलेले हे उत्तर आहे.

मागणीही वाढली. पेशवाईत पैठणीचे कौतुक होते, हैदराबादच्या निजामाच्या घराण्याला तिचे वेड होते. पण सामान्य घरात तिचे नाव पोहोचवले ते शांता शेळके यांच्या 'पैठणी' या कवितेने आणि 2004 पासून सुरू झालेल्या 'होम मिनिस्टर' या टीव्हीवरच्या कार्यक्रमाने. संध्याकाळी घराघरांत कुणीतरी पैठणी जिंकत होते. 2010 साली पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

नाव वाढले, त्याच्याबरोबर नक्कलही वाढली. हजार-दीड हजारात 'सेमी पैठणी' मिळते. ती यंत्रमागावर विणलेली असते. धागा अनेकदा कृत्रिम, जर प्लास्टिकची, आणि मोराच्या मागे कापलेल्या धाग्यांचा गुंता. तिला 'सेमी' म्हणून घेणे-विकणे यात गैर काही नाही. कमी पैशांत कुणाला मोराच्या पदराची हौस भागवता येत असेल तर त्यात आनंदच आहे. गैर आहे ते ती हातमागाची म्हणून खपवणे. हातमागासाठी काही प्रकारचे कापड राखून ठेवणारा कायदा 1985 पासून आहे. कायद्याने नक्कल थांबत नाही, हे कुठल्याही साडीच्या बाजारात दिसते.

त्याहून मोठा प्रश्न मजुरीचा आहे. बहुतेक विणकरांकडे माग असतो, भांडवल नसते. रेशीम आणि जर व्यापारी देतो, साडी उतरली की मजुरी मिळते, त्यातून आधी घेतलेली उचल वळती होते. 2020 च्या टाळेबंदीत लग्ने थांबली, दुकाने बंद झाली आणि माग बसून राहिले. ज्याने महिनाभर मान खाली घालून पदर विणला, त्याच्या नावाचा उल्लेख साडीच्या घडीत कुठेही नसतो. दुकानाचे नाव छापलेले असते, मानांकनाचे चिन्हही असते. विणकराचे नाव मात्र नसते.

म्हणूनच येवल्यातही तरुण मुले विचारतात की या खड्ड्यात पाय घालून बसायचे की नाशिकला, अंबडला, सातपूरला कारखान्यात जायचे. हा प्रश्न विचारणाऱ्याला आपण परंपरेचे भान नसलेला म्हणू नये. डोळे आणि पाठ त्याची जातात. वर्षानुवर्षे तिल्ल्या फिरवून नजर अधू झालेले विणकर गावात थोडे नाहीत. त्याला माग सोडू नकोस म्हणण्याचा अधिकार फक्त त्याच्या श्रमाची पुरती किंमत देणाऱ्यालाच आहे.

एकलहऱ्यातली माणसे हे चटकन समजतील. पहिले दोन संच बंद झाले तेव्हा नव्या संचासाठी त्यांनी आवाज उठवला, कारण गावाचे काम गेले की गाव नुसते पत्त्यापुरते उरते हे त्यांनी जवळून पाहिले आहे. येवल्याचे काम अजून गेलेले नाही. ते घरात आहे, चालू आहे, आणि त्याला चालवायला कोळशाची वाघीण लागत नाही. त्याला लागते ती प्रामाणिक किंमत देणारी माणसे.

तेव्हा पुढच्या लग्नसराईत पैठणी घेणार असाल तर एवढे करा. शक्य असेल तर येवल्याला जाऊन घ्या. नाशिकहून ते एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. दुकानात पदर उलटा करून पाहा आणि मोराची मागची बाजू तपासा. हातमागाचे चिन्ह आणि रेशमाची खूण विचारा. मग न लाजता आणखी दोन प्रश्न विचारा: ही कुणी विणली, आणि त्याला किती मजुरी मिळाली? विणकराचे नाव बिलावर लिहून मागा.