टीसीएलची गोणी जुनी तर नाही ना?

सख्यांनो, 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं घेतलं आणि पाण्यावर सगळ्यांचा हक्क आहे हे दाखवून दिलं. आज नळ दारात आला. पण नळाचं पाणी निर्धोक आहे का, हे विचारणं हाही आपला हक्कच आहे.

ग्रामपंचायत पाण्यात टाकते ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. कारखान्यात विरवलेल्या कोरड्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडतात. चुना तो धरून ठेवतो आणि तापतो. उष्णता हाताबाहेर गेली की पावडरीतला कामाचा क्लोरीन वाया जातो. म्हणून कामगार सतत तापमान पाहतात, मधूनमधून नमुना काढून त्यात क्लोरीन किती उतरला ते मोजतात. पातळ ब्लीच कॉस्टिक सोड्यात क्लोरीन सोडून करतात. तिथे थोडा सोडा मुद्दाम शिल्लक ठेवतात. तो संपला तर विषारी वायू बाहेर पडतो.

घरात ब्लीच आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड एकत्र केलं तर हाच वायू सुटतो. तेव्हा दोन्ही कधीही मिसळायचं नाही!

चांगल्या ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. पण आपल्या कोकणातला पाऊस माहीत आहे ना? ओल लागली, तोंड उघडं राहिलं, की क्लोरीन उडून जातो आणि मागे नुसता चुना उरतो. पांढरी दिसते म्हणून पावडर चांगली, असं नाही. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये.

हिशोब सोपा आहे. 1000 लिटर पाण्याला 5 ग्रॅम, म्हणजे 10,000 लिटरच्या टाकीला 50 ग्रॅम. पावडरीचा जोर निम्मा झाला असेल, तर 50 ग्रॅमचं काम 25 ग्रॅमएवढंच होतं. आपण टाकल्याचं समाधान मानतो आणि जुलाब, कावीळ घरात शिरते. गढूळ पाणी तर क्लोरीन आणखी खातं. पावडर प्लास्टिकच्या बादलीत कालवा, अर्धा तास निवळू द्या, वरचं पाणी तेवढं टाकीत ओता आणि तासाभरानं नळ सोडा.

मग ओटी टेस्ट करा. नळाचं पाणी नळीत घेऊन औषधाचे थेंब टाका आणि लगेच रंग पाहा. पिवळा आला तर क्लोरीन आहे, रंगच आला नाही तर नाही. पट्टीशी जुळवून 0.2 ते 0.5 पीपीएम यायला हवा. शेवटच्या घरच्या नळावर तपासा, कारण तिथे पोचेपर्यंत क्लोरीन कमी होतो. तपासलेलं पाणी ओतून द्या, पिऊ नका.

जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलेलं आहे. आपल्या गावातल्या त्या पाच कोण, हे ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत विचारा. गोणीवरची तारीख वाचा, गोणी फळीवर कोरड्या जागी ठेवायला सांगा, आणि टेस्टचा आकडा रोज वहीत लिहा. बचतीचा हिशोब आपण पैशापैशाचा ठेवतो, पाण्याचाही ठेवूया.